घाम कामगाराचा, दान मालकाचे?
परसबागेतील श्रमदान आणि व्यापाऱ्याचा हिशोब

मोठ्या कंपन्यांत गेल्या काही वर्षांपासून एक प्रथा रूढ झाली आहे. वर्षातून एखादा दिवस कंपनीचे कर्मचारी एकसारखे टी-शर्ट घालून एखाद्या शाळेत, वसतिगृहात किंवा खेड्यात जातात. तेथील भाजीच्या परसबागेत वाफे खणतात, शेणखत वाहतात, रोपे लावतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परततात. सातारा, सांगली, मिरज, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींतील कारखानदारांना हे ठाऊक आहे. आता आपले लहान व्यापारी बंधूही विचारू लागले आहेत की, दहा-बारा नोकर असलेल्या दुकानदाराने असे काही करावे काय? त्यात सवाब आहे काय? आणि धंद्याच्या दृष्टीने ते परवडते काय?

आमचे उत्तर असे की, जरूर करावे. मात्र कुदळ उचलण्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावावा. बागेत जो घाम गळतो तो कामगाराचा असतो. मग दान कोणाच्या नावावर जमा होते? हा प्रश्न टाळून केलेले श्रमदान दिसायला कितीही चांगले असले तरी हिशोबात खोटे ठरते.

सावड, इर्जिक आणि बेगार

एकमेकांच्या शेतावर मिळून राबणे आपल्या मुलखाला नवे नाही. सावडीत आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, असा सरळ व्यवहार असतो. इर्जिकीत गावकरी आपले बैल-औत घेऊन एकाच्या शेतावर येतात, काम उरकतात आणि तो शेतकरी सर्वांना पोटभर जेवू घालतो. या दोन्ही रीती टिकल्या, कारण येणारा आणि बोलावणारा बरोबरीचे होते. ज्याला जमत नसे तो नाही म्हणू शकत होता.

याच मुलखात आणखी एक रीत होती. सरदार, इनामदार, अंमलदार यांनी बोलावले की गरिबाने हातातले काम टाकून फुकट राबायला जायचे. तिला मराठीत वेठ म्हणतात. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तिथे तिलाच बेगार म्हणत. शब्द दोन, जुलूम एकच. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने बेगारीला मनाई केली आहे.

सावड आणि बेगार यांत बाहेरून पाहता फरक दिसत नाही. दोन्हीकडे माणसे खणताना दिसतात. फरक एवढाच की, नाही म्हणणाऱ्याचे पुढे काय होते. म्हणून दुकानाच्या श्रमदानाला आम्ही हीच कसोटी लावतो. नोकर आणि मालक बरोबरीचे नसतात. महिन्याचा पगार ज्याच्या हातून घ्यायचा, त्याला नाही म्हणणे सोपे नसते. शेठ हसत म्हणतात, "रविवारी सगळ्यांनी यायचे बरे का, ज्याला जमेल त्याने." यातला शेवटचा भाग कोणाच्याही कानात शिरत नाही.

आमच्या पाहण्यात अशी एक पेढी आली. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सर्व नोकरांना एका शाळेच्या बागेत नेले. जे आले नाहीत त्यांना पुढे आठवडाभर टोमणे ऐकावे लागले. तिथला काउंटरवरचा एक जुना माणूस आम्हाला म्हणाला, "शेठ, आमचं दळण, पोराची वह्या-पुस्तकं, आईचा दवाखाना, सगळं त्या एकाच दिवसावर असतं. बाग चांगलीच आहे हो, पण दिवस आमचा गेला आणि नाव दुकानाचं झालं." या वाक्याला आम्हाला आजपर्यंत उत्तर सापडलेले नाही.

आपल्या मातीतले दाखले

आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावे लागले, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ जागा दिली. साल १९१०. जागा म्हणजे निवडुंगाचे माळरान, सापांचे घर. मालक, कारागीर आणि त्यांच्या घरच्यांनी मिळून ते माळरान साफ केले आणि तिथे कारखान्याबरोबर राहती वसाहत उभी केली. इथे मजूर आपल्याच घरासाठी, आपल्याच रोजीसाठी जमीन साफ करत होता. श्रम ज्याचा, फळही त्याचे, आणि मालक त्याच उन्हात उभा.

दुसरा दाखला साताऱ्याचा. कर्मवीर भाऊराव पाटील हे एके काळी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत होते, म्हणजे आपल्यासारखेच विक्रीच्या धंद्यातले. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुले शेतात राबत, दगड फोडत, स्वयंपाक करत आणि त्या कष्टावर शिकत. 'कमवा आणि शिका' या नावाने ही योजना पुढे सर्वत्र गेली. नावातच हिशोब आहे. मुलाच्या घामाची किंमत शिक्षणाच्या रूपाने त्याच मुलाला मिळत होती. संस्था चालवणाऱ्यांनी स्वतः काय दिले? कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले. मुलांनी श्रम दिले आणि चालकांनी आपल्या घरातले सोने दिले.

तिसरा दाखला अलीकडचा. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेला २०१६ मध्ये तीन तालुक्यांतून सुरुवात झाली. त्यांतला एक आपला कोरेगाव, आणि पहिल्या वर्षीचा विजेता गावही त्याच तालुक्यातला वेळू. २०१८ मध्ये माण तालुक्यातील टाकेवाडी पहिली आली. त्या वर्षी १ मे रोजी शहरांतली हजारो माणसे 'जलमित्र' म्हणून नाव नोंदवून खेड्यांत खणायला गेली. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, नाव ज्याचे त्याने नोंदवायचे होते. दोन, काम कोणते आणि कुठे हे गावाने ठरवले होते. गावच्या लोकांनी आधी प्रशिक्षण घेतले होते. पाहुण्यांनी फक्त हात लावायचा होता. पाहुणे गेल्यावरही काम गावाने चालू ठेवले. परसबागेलाही नेमके हेच लागते.

नियत आणि मजुरी

आपल्या दीनमध्ये या विषयाची शिकवण स्पष्ट आहे. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे किंवा पेरलेल्या पिकाचे फळ माणसाने, पाखराने अथवा जनावराने खाल्ले तर ते त्याच्या नावे सदका ठरते, अशी हदीस आहे. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्या, अशीही शिकवण आहे. आपण पहिली गोष्ट मोठ्याने सांगतो आणि दुसरी सोयीने विसरतो. बागेच्या कामात या दोन्ही एकत्र पाळाव्या लागतात.

हिजरी सन ५ मध्ये मदिनेच्या रक्षणासाठी खंदक खणला गेला, तेव्हा प्रेषित हजरत मुहम्मद (स.) स्वतः माती वाहत होते. मस्जिदे नबवीच्या बांधकामातही त्यांनी विटा उचलल्या. सरदाराने सावलीत बसून इतरांना सवाबाचे महत्त्व सांगावे, असा आपला आदर्श नाही. म्हणून ज्या दुकानदाराला घमेले उचलायचे नाही, त्याने नोकरांना बागेत नेऊ नये. त्याने सरळ पैसे द्यावेत, तेही चांगले काम आहे.

एक खुलासा जकातीबद्दल. काही बंधू विचारतात की, नोकरांच्या त्या दिवसाचा पगार आणि खताचा खर्च जकातीत धरता येईल काय? जकात हकदाराच्या मालकीत गेली पाहिजे हा आपल्याकडचा सर्वमान्य दंडक पाहता असा खर्च त्यात बसत नाही. तो सदका, खिदमत म्हणून वेगळा लिहावा. शंका असेल तर आपल्या उलेमांना विचारावे.

कायदाही हेच म्हणतो

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. आपल्यापैकी बहुतेकांना ही तरतूद लागू नाही, पण तिच्यातला एक खुलासा सर्वांनी ध्यानात घ्यावा. कर्मचाऱ्यांनी समाजकार्यात दिलेल्या सेवेची पैशात किंमत काढून ती कंपनीच्या या खर्चात दाखवता येणार नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले. कर्मचाऱ्यांना सहभागी करून घ्या, असे मंत्रालय म्हणते. पण त्यांचा घाम आपल्या खात्यावर जमा करू नका, असेही सांगते.

दुकानाचा कायदा १९४८ चा होता, नंतर २०१७ चा नवा आला. दोन्हींत साप्ताहिक सुट्टीचा हक्क आहे. ती सुट्टी मालकाने दिलेली बक्षिसी नाही, म्हणून ती परस्पर दान करण्याचा अधिकारही मालकाला नाही. श्रमदान करायचे तर कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, पूर्ण पगारी करावे. दुकान अर्धा दिवस बंद राहील, गल्ला कमी होईल. तेवढेच तर मालकाचे दान!

खर्चाचा ताळा

आता व्यापाऱ्याच्या भाषेत बोलू. पुढचे दुकानाचे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावे. दुकानात बारा माणसे आहेत आणि सरासरी रोज ५०० रुपये पडतो असे धरू. अर्ध्या दिवसाचे बारा जणांचे ३,००० रुपये झाले. टेम्पो, चहा-नाष्टा, शेणखत, बियाणे यांचे आणखी ३,००० धरले तर एका खेपेला ६,००० रुपये. बुडालेली विक्री वेगळी.

एवढ्या खर्चात बागेला काय मिळते? बारा माणसे अर्ध्या दिवसात तीन मीटर लांब, एक मीटर रुंद असे दहा वाफे तयार करू शकतील. म्हणजे तीस चौरस मीटर जमीन. चौरस मीटरमागे किलोभर मेथी निघाली तर चांगले पीक म्हणायचे. एकूण तीस किलो. शालेय पोषण आहाराच्या नियमाप्रमाणे प्राथमिकच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी लागते. शंभर प्राथमिक मुलांच्या शाळेला दिवसाला पाच किलो. तेव्हा आपली तीस किलो मेथी सहा दिवसांत संपली.

हा हिशोब पाहून कोणीही म्हणेल की, ६,००० रुपयांची भाजी मंडईतून घेऊन शाळेला दिली असती तर कितीतरी जास्त झाली असती. अगदी खरे आहे. केवळ भाजीसाठी हा उद्योग करू नये. पण तयार वाफा एका पिकानंतर संपत नाही. मेथी महिन्याभरात निघते, पालक अनेकदा कापता येतो, भेंडी दीड-दोन महिन्यांत तोडणीला येते, आणि कुंपणाला लावलेला शेवगा वर्षानुवर्षे शेंगा देतो. मुले भाजी उगवताना पाहतात आणि ताटातली टाकत नाहीत. दुसरा लाभ दुकानाचा. ज्या मालकाने नोकराबरोबर पाटी उचलली, त्याच्याशी नोकर मोकळेपणाने बोलतो. कापडाच्या धंद्यात गिऱ्हाईक काउंटरवरच्या माणसाच्या बोलण्यावर टिकते. मात्र हा लाभ वेठीने नेलेल्या माणसांकडून मिळत नाही. उलट असलेली मोहब्बतही जाते.

मंडईतल्या बागवानाचे काय?

आपल्या पानावर हा मुद्दा सांगणे आम्ही आवश्यक समजतो. सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या मंडईत बागवान बिरादरीचे अनेक बंधू फळे आणि भाजीपाल्यावर पोट भरतात. ते पहाटे उठून माल घेतात, हमाली देतात, सुकलेला माल तोट्यात टाकतात. फुकटच्या श्रमावर पिकलेली भाजी कोणी बाजारात स्वस्त विकू लागला, तर त्याची झळ या गरीब विक्रेत्याला बसते.

औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. कैद्यांनी भिंतींविना राहावे, शेती करावी आणि माणूस म्हणून पुन्हा उभे राहावे, हा हेतू होता. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला, असे सांगितले जाते. त्या चित्रपटात कैद्यांची स्वस्त भाजी बाजारात येताच तिथले व्यापारी खवळतात. चित्रपटात ते खलनायक ठरले. पण ज्याचे सारे कुटुंब एका टोपलीवर चालते, त्याच्या बाजूनेही विचार व्हायला हवा. म्हणून आमचे म्हणणे असे की, श्रमदानाच्या बागेची भाजी शाळेच्या, वसतिगृहाच्या, यतीमखान्याच्या भांड्यात जावी. उरली तर बाग सांभाळणाऱ्यांनी घरी न्यावी, बाजारात विकू नये. कमी पडेल ती भाजी मात्र रोख पैसे देऊन मंडईतूनच घ्यावी.

काम कोणते आणि केव्हा?

बागेला रोज किंवा एक दिवसाआड पाणी लागते. आपण महिन्यातून एकदा जाणारे लोक. तेव्हा रोजची निगा आपल्याकडून होणार नाही हे आधीच मान्य करावे. ती शाळेचा शिपाई, शिक्षक, आहार शिजवणाऱ्या बाया आणि मुले करतात. आपण एकदम अनेक हात लागतील अशी जड कामे घ्यावीत. वाफे खणणे, कुंपण घालणे, खताचा खड्डा करणे, शेणखत पसरणे, ठिबकची नळी अंथरणे ही ती कामे. वाफा एक मीटरपेक्षा रुंद करू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि माती तुडवली जात नाही. आपल्याकडे उसाचे पाचट मुबलक असते. ते वाफ्यावर अंथरले की पाणी कमी लागते आणि तणही दबते.

पाण्याची चौकशी सर्वांत आधी करावी. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माणमध्ये पाचशेच्या आसपास. सांगलीतही कृष्णाकाठ वेगळा आणि जत, आटपाडी वेगळी. जिथे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याला टँकर येतो, तिथे उन्हाळी भाजीचा हट्ट धरू नये. पावसाळा आणि हिवाळा या दोनच हंगामांत बाग करावी.

आमच्या कापडाच्या धंद्याचे वेळापत्रक याला बरे जुळते. आषाढात लग्ने नसतात, काउंटर रिकामे असतात. नेमकी तेव्हाच गवार, भेंडी, दोडका, कारली लावण्याची वेळ असते. पितृपंधरवड्यात पुन्हा मंदी असते. तेव्हा हिवाळी मेथी, पालक, मुळ्यासाठी वाफे तयार करता येतात. रमजानमध्ये रोजेदारांना उन्हात खणायला लावू नये. जुम्म्याचा दिवस असेल तर काम सकाळीच उरकावे.

मोहल्ल्यातल्या अनेक उर्दू शाळांना अंगण नसते. तिथे गच्चीवर किंवा भिंतीकडेला पिशव्यांत भाजी होते. इचलकरंजी, भिवंडी, सुरतेहून येणाऱ्या गाठींचे बारदान आपण रद्दीत घालतो. दुकानाच्या शिलाई कारागिराने त्याच्या पिशव्या शिवल्या तर रोपांना जागा होते. सुती चिंध्यांच्या पट्ट्या वेल बांधायला सुतळीपेक्षा मऊ पडतात. या शिलाईचीही मजुरी द्यावी.

आणखी काही गोष्टी. आधी शाळेला किंवा संस्थेला विचारावे की तुम्हाला काय हवे आहे. आपल्या मनाने झाडे घेऊन जाऊ नये. स्त्री कर्मचारी असतील तर स्वच्छतागृहाची सोय पाहावी आणि उन्हे उतरण्याआधी त्या घरी पोहोचतील असे करावे. वयस्क मुनीमजींना कुदळ देऊ नये; बियाण्याच्या पुड्या बांधणे, वाफ्यांची नोंद ठेवणे हेही काम आहे. जो येणार नाही त्याने दुकानात बसून नेहमीचे काम करावे. त्याचा पगार, बोनस, मान यांत फरक पडू नये. फलक लावायचाच असेल तर त्यावर दुकानाच्या नावाआधी राबणाऱ्यांची नावे लिहावीत, तीही त्यांना विचारून.

व्यापारी बंधूंनो, येत्या आषाढात एखादी शाळा निवडा आणि एका अर्ध्या दिवसाने सुरुवात करा. मात्र जाण्याआधी आपल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाला एकटे बोलावून विचारा, "तुला यायचे नसेल तर सांग, माझ्या मनात काही राहणार नाही." तो न घाबरता नाही म्हणू शकला, तर समजा की आपले दुकान श्रमदानाला लायक आहे. त्याला नाही म्हणता आले नाही, तर बाग थोडी थांबू द्या आणि आधी दुकानात लक्ष घाला. अल्लाह आपल्या सर्वांच्या नियतीत इखलास आणि रोजीत बरकत देवो. आमीन.